फूटपाथची गोष्ट आणि सुर्व्यांची कविता

(तृतीय वर्ष कला, मराठी)

कविवर्य नारायण सुर्वे यांच्या जन्मशताब्दीनिमित्त वाङ्मय मंडळाने जो कार्यक्रम केला त्यात मी मागच्या बाकावर बसून एक उद्योग केला. प्रत्येक वक्ता फूटपाथपासून सुरुवात करतो की नाही, ते वहीत मांडत गेलो. पाच जण बोलले. पाचांनीही फूटपाथपासूनच सुरुवात केली. एकाने तर त्या दिवशी पाऊसही पाडला. सुर्व्यांची कविता मात्र संपूर्ण कार्यक्रमात एकच झाली, आणि तीही वेळेअभावी अर्ध्यावर थांबवण्यात आली. नंतर आभारप्रदर्शन रीतसर पार पडले.

कार्यक्रम वाईट झाला असे मला म्हणायचे नाही. ज्यांनी धावपळ केली ते माझे मित्रच आहेत. पण घरी परतताना एक प्रश्न डोक्यातून जाईना. ज्या कवीच्या जन्माला शंभर वर्षे होत आहेत त्याच्याविषयी आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो कोठे सापडला ही असावी, हे बरे लक्षण आहे काय?

गोष्ट सर्वांना पाठ आहे, तरी थोडक्यात सांगतो. १९२६ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराला सापडले. त्याने ते उचलून घरी आणले. त्याने आणि त्याची पत्नी काशीबाई हिने त्या मुलाला नाव दिले, आडनाव दिले, शाळेत घातले. मूल चौथी शिकले. पुढे गंगाराम गिरणीतून निवृत्त होऊन कोकणात गावी गेला आणि जाताना मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवून गेला. मग त्या मुलाने घरगडी म्हणून काम केले, हॉटेलात कपबशा विसळल्या, कुणाची मुले सांभाळली, कुणाचा कुत्रा सांभाळला, दूध पोचवले, हमाली केली, गिरणीत राबला. आणि एके दिवशी तो कवी झाला. १९९५ साली परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, १९९८ साली पद्मश्री झाला. टाळ्या.

यातले काहीही खोटे नाही. सुर्व्यांनी स्वतःच ते लपवले नाही; कवितेत सांगितले, भाषणांत सांगितले. अरुण खोपकरांनी त्यांच्यावर जो अनुबोधपट केला त्याचे नावच ‘नारायण गंगाराम सुर्वे’ असे आहे आणि त्या मधल्या नावात सगळे आले. तेव्हा माझी तक्रार गोष्टीबद्दल नाही. ‘आणि एके दिवशी तो कवी झाला’ या वाक्याबद्दल आहे. हमाली आणि कविता यांच्या मध्ये वीस-पंचवीस वर्षे पडलेली आहेत आणि आपण ती एका उडीत ओलांडतो. कारण ही उडी आपल्या सोयीची आहे. प्रतिभा असली की माणूस फूटपाथवरून उठूनही वर येतोच, असे एकदा मानले की मग इतरांनी काही करायला नको. जो वर आला नाही त्याच्या अंगी प्रतिभा नसेल, म्हणून मोकळे. साहित्यावरचे भाषण ऐकून माणूस निर्धास्त होऊन घरी जात असेल तर त्या भाषणात काहीतरी चुकले आहे असे मला वाटते.

मधल्या वर्षांत काय झाले ते पाहू.

पहिली गोष्ट, मूल उचलले कोणी? दोन कामगारांनी. नवरा-बायको दोघेही गिरणीत जाणारे. त्यांच्यापाशी शिल्लक अशी काय असणार? तरीही त्यांनी मुलाला शाळेत घातले. चौथीपर्यंतचे शिक्षण ही आज आपल्याला हसण्यावारी नेण्याची गोष्ट वाटते. पण १९३० च्या दशकातल्या गिरणगावात कामगाराच्या पोराने चार इयत्ता पुऱ्या करणे म्हणजे घरातल्या कमावत्या हातांनी चार वर्षे कळ काढणे होते. अक्षरओळख तिथे झाली. ती झाली नसती तर पुढचे काहीच झाले नसते.

दुसरी गोष्ट त्या दुधाची. येथे थोडे विषयांतर करतो, कारण मी आरे कॉलनीत राहतो आणि ‘दूध पोचवले’ या दोन शब्दांशी माझे कान टवकारतात. सुर्वे दूध पोचवत होते तेव्हा आरे नव्हती. म्हशींचे तबेले खुद्द मुंबईत, वस्तीच्या मधोमध होते. शेण, माशा, घाण, भेसळ, सगळे शहरातच. ती जनावरे शहराबाहेर काढायची आणि दूध सरकारी देखरेखीखाली आणायचे म्हणून दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली आपली आरे वसवण्यात आली. टेकड्यांवर युनिटे बांधली गेली, गवताची कुरणे झाली, सकाळी शहरात काचेच्या बाटल्या पोचू लागल्या. खुरोडींना १९६३ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले ते याच क्षेत्रातल्या कामासाठी. (त्या वर्षी ते वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांनाही मिळाले होते, दुधात तेव्हा मोठी माणसे होती.) ज्यांचे पाडे त्या टेकड्यांवर आधीपासून होते त्या वारल्यांना कोणी विचारले नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला सांगायचे ते एवढेच की शहराच्या दुधाचीसुद्धा कोणीतरी बसून व्यवस्था लावली. कोणाच्या तरी डोक्यात आराखडा होता, जमीन घेतली गेली, पैसा ओतला गेला. दूध आपोआप आले नाही. कवी मात्र आपोआप येतो असे आपण धरून चालतो.

तिसरी गोष्ट नोकरीची, आणि माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची. सुर्वे मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई झाले. घंटा वाजवणारा, नोटीस फिरवणारा शिपाई. त्या काळी व्हर्नाक्युलर फायनल नावाची सातवीची परीक्षा असे. मोठ्या वयाच्या माणसालाही ती देता येई आणि ती उत्तीर्ण झाली की प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीचे दार किलकिले होई. सुर्व्यांनी संसार सांभाळून, तिशी गाठल्यावर ती परीक्षा दिली आणि साठीच्या दशकाच्या आरंभी ते महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह आला १९६२ साली. ‘माझे विद्यापीठ’ १९६६ साली. या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. दरमहाचा पगार, ठरलेले तास, संध्याकाळ मोकळी, सुट्टी हक्काची. हे सगळे हाती आले आणि चार वर्षांत मराठी कवितेचा चेहरा बदलणारी दोन पुस्तके आली. पगारामुळे कविता आली असे मी म्हणत नाही. पण पगारामुळे ती कागदावर राहिली असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

याची उलट बाजू आपल्या गोरेगावातच आहे. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले आणि १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात वारले, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी. आपल्या कॉलेजपासून सिद्धार्थनगर बसने काही मिनिटांवर आहे. आपल्यापैकी किती जण तिथे उभे राहिले आहेत? अण्णा भाऊंनी तर शाळेची चौथीसुद्धा पाहिली नव्हती. प्रतिभेने ते सुर्व्यांपेक्षा तसूभरही उणे नव्हते, ‘फकिरा’ वाचलेला कोणीही हे सांगेल. राज्य सरकारचे पारितोषिक त्यांना मिळाले, रशियाची वारी झाली. नव्हता तो महिन्याच्या महिन्याला हातात पडणारा पगार. सुर्वे १६ ऑगस्ट २०१० रोजी गेले तेव्हा त्यांचे वय चौऱ्याऐंशीच्या घरात होते. दोन आयुष्यांतल्या या पस्तीस वर्षांच्या फरकाची अनेक कारणे असतील. पण त्यांतले एक कारण पगारपत्रकावर सापडेल, अशी माझी समजूत आहे.

आणि नोकरीने केवळ पोट भरले असेही नाही. तिने कविता पुरवली. ‘तुमचंच नाव लिवा’ ही कविता घ्या. शाळेत आपल्या मुलाचे नाव घालायला एक बाई आलेली आहे. बापाचे नाव काय, हा रकाना भरायचा आहे आणि बापाचे नाव तिला सांगता येण्यासारखे नाही. ती समोरच्या मास्तरालाच म्हणते की तुमचे नाव घाला. ही कविता फूटपाथवर बसून लिहिता आली नसती. त्यासाठी टेबलाच्या अलीकडे, हजेरीपटासमोर, दौत-टाक घेऊन बसावे लागते. रकाना भरण्याचा अधिकार हाती असावा लागतो. आणि ज्याच्या स्वतःच्या बापाच्या रकान्यात एका गिरणीकामगाराने आपणहून नाव भरले होते तोच माणूस आता त्या खुर्चीत आहे. आमच्या कार्यक्रमात एकाही वक्त्याने ही कविता काढली नाही, याचे मला खरोखर वाईट वाटले. फूटपाथच्या गोष्टीत जे काही सांगण्यासारखे आहे ते सगळे या कवितेत आहे. शिवाय तीत दया भाकणे नाही. ती बाई रडत नाही. ती हिशेबी आहे, किंचित मिश्किलही आहे, आणि तिला मुलाला शाळेत घालायचे आहे.

चौथी गोष्ट चळवळीची. हिच्याबद्दल आमच्या कार्यक्रमात ‘ते डाव्या विचारांचे होते’ एवढेच म्हटले गेले, जणू ते डावखुरे होते. गिरणगावात कामगार संघटना होती म्हणजे नुसते संप नव्हते. सभा होत्या, अभ्यासवर्ग होते, मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवणारे लोक होते. अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक होते. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने तर सगळ्या मुंबईचीच सभा केली. चौथी शिकलेल्या माणसाला मार्क्सचे नाव पुस्तकातून कळत नाही. ते सभेत कळते, संपात कळते. सुर्व्यांच्या ‘कार्ल मार्क्स’ या कवितेतला मार्क्स असाच रस्त्यात भेटतो, ओळखीच्या म्हाताऱ्यासारखा. रात्री भिंतींवर पोस्टर चिकटवत हिंडण्याचे काम ज्याने केले आहे त्यालाच ‘पोस्टर’सारखी कविता सुचते. कोणी म्हणेल, हा प्रचार झाला. असेलही. पण या प्रचाराने माणसाला वाचायला लावले, बोलायला लावले, आणि चार माणसांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडायची भीड मोडली. आमच्या वक्तृत्व स्पर्धांनी यातले किती साधते?

‘माझे विद्यापीठ’ या नावापाशीच थोडे थांबतो. मॅक्झिम गॉर्कीच्या आत्मचरित्राचा तिसरा भाग ‘माझी विद्यापीठे’ या अर्थाच्या नावाचा आहे. गॉर्कीही अनाथ, तोही हमाली आणि भट्टीवरचे काम करून शिकलेला. सुर्व्यांच्या डोळ्यांसमोर ते नाव नव्हते असे मानणे कठीण आहे. म्हणजे ज्या पुस्तकाला आपण जीवनाच्या शाळेत शिकलेल्या माणसाचे पुस्तक म्हणून मिरवतो त्याच्या नावातच एका दुसऱ्या पुस्तकाची आठवण आहे. सुर्वे वाचणारे होते. आपण त्यांना न वाचता मोठा झालेला कवी म्हणून समोर ठेवतो आणि मग न वाचण्याला एक आधार मिळतो. ‘सुर्वे कोणत्या कॉलेजात गेले होते?’ हा प्रश्न मी आमच्याच वर्गात, परीक्षेच्या आदल्या दिवशी ऐकलेला आहे.

पाचवी गोष्ट राहिली, ती कृष्णाबाईंची. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘मास्तरांची सावली’. हे पुस्तक आपल्या ग्रंथालयात असेल तर कृपया कोणीतरी ते आत्मचरित्रांच्या कपाटातून काढून सुर्व्यांच्या कवितासंग्रहांच्या शेजारी ठेवावे. कवी मोकळ्या संध्याकाळी सभेला जातो तेव्हा त्या संध्याकाळी घरी काहीतरी चालू असते. चूल असते, पोरे असतात, उधारी असते. सावली हे नाव त्यांनी प्रेमाने घेतले असेल, पण वाचणाऱ्याने तरी त्यातला चटका ओळखावा. नवऱ्याच्या जन्मशताब्दीच्या कार्यक्रमात बायकोचे नाव ‘त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली’ या ठरीव वाक्यातही आले नाही.

आता आक्षेप. आमच्या विभागातल्या एका प्राध्यापकांशी मी हे सर्व बोललो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘अरे, त्याच शाळेत इतर शिपाईही होते. त्याच सभेला हजारो कामगार होते. त्यांतला एकच सुर्वे का झाला?’’ प्रश्न बिनतोड आहे. मी दोन दिवस त्यावर विचार केला. उत्तर असे सुचते की एकच झाला हेही तितकेसे खरे नाही. त्याच मुंबईत अण्णा भाऊ होते, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात बाबूराव बागूल होते, आणि थोड्याच वर्षांत नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, १९७२ साली. एका शहराच्या काही चौरस मैलांत, पंचवीस वर्षांच्या आत, शाळेने दार बंद केलेली इतकी माणसे लिहू लागतात तेव्हा त्याला केवळ योगायोग म्हणता येत नाही. ती जमीन ओली होती. आणि दुसरे असे की त्या हजारो कामगारांना कमी लेखायचे कारण नाही. कवी झाले नाहीत म्हणून ते वाया गेले नाहीत. ते ऐकणारे झाले. सुर्व्यांची कविता बोलण्याच्या सुरातली आहे. ‘शीगवाला’तला दाऊदचाचा आपल्या मुंबईच्या हिंदी-मराठी सरमिसळीत बोलतो, आणि त्याचे बोलणे टीपा न देता समजणारा श्रोता समोर होता म्हणून कवीला ते तसेच्या तसे ठेवता आले. टीपा आपल्याला लागतात.

याच ठिकाणी मला सुर्व्यांविषयी एक अप्रिय गोष्टही नोंदवली पाहिजे. ‘जाहीरनामा’ आला १९७५ साली. त्यानंतरचा स्वतंत्र संग्रह, ‘नव्या माणसाचे आगमन’, आला १९९५ साली. मध्ये १९८२ ची ‘सनद’ आहे, पण ती निवडक कवितांची. म्हणजे वीस वर्षे. या वीस वर्षांत मानसन्मान वाढत गेले, प्रवास वाढले, व्यासपीठे वाढली, आणि कविता विरळ झाली. शेवटच्या संग्रहातल्या काही कविता मला भाषणासारख्या वाटतात. तिथे माणसे बोलत नाहीत, कवीच बोलतो. हे लिहिताना मला धाष्टर्य केल्यासारखे वाटते, परंतु शताब्दीच्या वर्षी सगळेच गोड बोलले तर वाचले कोणी हेच कळणार नाही.

याचे कारण काय असावे? वय, आजार, व्याप, काहीही असेल. मला मात्र एक तारीख खुणावते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही, गिरण्या मिटल्या. कोणी गावी गेले, कोणी बदलापूरला, कोणी नालासोपाऱ्याला, कोणी वॉचमन झाले. ज्या श्रोत्याच्या कानासाठी ही कविता घडली होती तो पांगला. कवीला पुरस्कार देणारे उरले, कविता अर्ध्यावर तोडून ‘पुढे म्हण’ असे सांगणारे उरले नाहीत. हे माझे अनुमान आहे. ते चूक ठरले तर मला आनंदच होईल.

मग आज काय? हे सर्व लिहिण्याचे कारण खरे तर हेच आहे.

आमच्या युनिटच्या आसपास जी मुले राहतात त्यांतली बरीच दहावी-बारावी झालेली आहेत. म्हणजे सुर्व्यांच्या दुप्पट-तिप्पट शिकलेली. कोणी पाठीवर मोठी चौकोनी पिशवी घेऊन मोटारसायकलवरून लोकांची जेवणे पोचवतो, कोणी मॉलमध्ये उभा असतो, कोणी चित्रनगरीत दिवसाच्या रोजावर जातो. दूध पोचवणारा नारायण आजही आहे, माल बदलला आहे. पण त्याला शिपायाची कायम नोकरी नाही. ती आता कंत्राटावर निघते. अभ्यासवर्ग नाही. संघटना असली तरी तिची सभा त्याच्या भ्रमणध्वनीवरच्या एका गटात होते आणि तिथे कोणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. त्यांतल्या एकाच्या वहीत मी कविता पाहिल्या आहेत. चांगल्या आहेत असे मी म्हणणार नाही. पण त्यांतल्या एका कवितेत पावसाळ्यातल्या रात्री पत्ता न सापडणाऱ्या माणसाला इमारतीचा रखवालदार हाकलतो, आणि तो रखवालदार त्याच्याच गावचा निघतो. सुर्व्यांनी ही वही उघडली असती तर ते नक्की थांबले असते. हा मुलगा आपल्याच कॉलेजचा विद्यार्थी आहे; हजेरी भरत नाही म्हणून त्याचे नाव नोटीस बोर्डावर लागते, एवढीच आपली त्याच्याशी ओळख.

तो संध्याकाळी पाचनंतर मोकळा असतो. आपले ग्रंथालय साडेचारला बंद होते.

मोठमोठ्या गोष्टी आपल्या हातात नाहीत. महापालिकेने शिपाई भरावेत की नाही हे वार्षिकांकातून ठरत नाही. पण ग्रंथालय आठवड्यातले दोन दिवस रात्री आठपर्यंत उघडे राहील की नाही, हे या इमारतीत ठरते. वाङ्मय मंडळाने मला विचारले तर शताब्दीच्या फलकासाठी, हारासाठी आणि पाहुण्यांच्या शालीसाठी जो खर्च झाला त्यात एका कर्मचाऱ्याचा काही महिन्यांचा जादा भत्ता निघाला असता. ग्रंथपालांवर माझा रोष नाही. त्यांना घरी जायला विरारची गाडी पकडायची असते, आणि त्यांच्या संध्याकाळचाही कोणीतरी विचार केला पाहिजे. आम्ही काही विद्यार्थ्यांनी मिळून अर्ज दिला आहे. आम्ही आळीपाळीने बसायला तयार आहोत, हेही त्यात लिहिले आहे. उत्तर यायचे आहे.

दुसरी सूचना त्याहून सोपी. पुढच्या वेळी कोणत्याही कवीचा कार्यक्रम असेल तर आधी त्याच्या चार कविता पूर्ण वाचाव्यात, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि चरित्र नंतर, वेळ उरला तर. मी हा प्रयोग करून पाहिला आहे. आमच्या शेजारच्या तबेल्यात जौनपूरकडचे एक चाचा आहेत, चाळीस वर्षे म्हशींत काढलेले. त्यांचे पैसे गावी पाठवायचे काम पूर्वी माझे वडील करत. पोस्टात जाऊन मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा आणि तळाच्या चिमूटभर जागेत निरोप लिहायचा. आता ते काम मी भ्रमणध्वनीवर अर्ध्या मिनिटात करतो. त्यात निरोपाला जागा शोधणे कोणाच्याच मनात येत नाही. एका संध्याकाळी पैसे पाठवून झाल्यावर मी त्यांना सुर्व्यांची ‘मनीऑर्डर’ वाचून दाखवली. गावी पैसे धाडण्यासाठी दुसऱ्याकडून मनीऑर्डर लिहवून घेणाऱ्या बाईची ती कविता. मराठी त्यांना समजते. जिथे अडले तिथे मी हिंदीत सांगितले. कवी कोण, कुठला, हे मी सांगितले नाही आणि त्यांनी विचारलेही नाही. धार काढून झाली होती, बादल्या धुवायच्या होत्या. ते सगळे शेवटपर्यंत उभ्यानेच ऐकत राहिले आणि मी पुस्तक मिटल्यावर एवढेच म्हणाले, ‘‘फिर? पैसा पहुँचा उसके घर?’’